तिची भूक बाटलीत गेलीये, काकू

«ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझी नात १४ महिन्यांची आहे. सून सकाळी नऊला विजयनगरला ऑफिसला जाते, ती साडेसहाला येते. तोवर पोर माझ्याकडे. सून सकाळी आणि रात्री अंगावर पाजते. दिवसा मी अडीचशेच्या चार बाटल्या गाईचं दूध देते. प्रत्येकीत दोन चमचे साखर असते, ते सुनेला माहीत नाही. दूध घटाघटा पिते, पण जेवण म्हटलं की तोंड मिटलं. मिक्सरमधून काढलेली वाटीभर खिचडी भरवायला सव्वा तास, तोही मोबाइलवर गाणी लावून, आणि त्यातली निम्मी थुंकते. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र आवडीने खाते. वजन ८ किलो ४०० ग्रॅम. शेजारचा नातू याच वयाचा, साडेअकरा किलोचा. त्याला डब्यातली पावडर देतात. सुनेने फ्रिजवर कागद लावलाय: मीठ नाही, साखर नाही, मोबाइल नाही. मी तीन मुलं वाढवली, ताई. आता मला भरवता येत नाही असं या घरात ठरलंय. गणपतीला सगळे येणार, पोर बारीक दिसली की बोल मलाच. पावडर सुरू करू का?»

काकू, पावडर नको. का नको ते पुढे सांगते. आधी तुमच्याच पत्रातल्या आकड्यांचा हिशेब मांडू.

अडीचशेच्या चार बाटल्या म्हणजे लिटरभर दूध. गाईच्या लिटरभर दुधात साधारण साडेसहाशे कॅलरी असतात. आठ चमचे साखरेच्या आणखी दीडशेच्या वर. म्हणजे झाल्या आठशे. त्यावर सकाळ-रात्र आईचं दूध, आणि मधे चहा-बिस्किट. या वयाच्या मुलीला दिवसभरात लागतात नऊशे ते हजार. तेव्हा ती खिचडी खात नाही यात नवल कसलं? जेवून उठलेल्या माणसाला तुम्ही रोज सव्वा तास आग्रह करताय. तुमच्या हाताला चव आहे की नाही, हा प्रश्नच इथे येत नाही. पोरीची भूक बाटलीत गेलीये.

आणि दूध घटाघटा पिते म्हणून ते वाढवत जायचं, हे आपल्याकडे फार जुनं आहे. दुधाला आपण पूर्णान्न म्हणत आलो. पण एका गोष्टीत दूध अगदी कफल्लक आहे, ती म्हणजे लोह. या वयाला रोज ८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं आणि लिटरभर दुधात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. वर दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही. चहा त्याच्याही पुढे. चहातलं टॅनिन लोहाला धरूनच ठेवतं. म्हणजे ते बिस्किट बुडवणं नुसतं निरुपयोगी नाही, दुपारच्या वरणातलं थोडंफार लोह मिळणार असेल तर तेही घालवणारं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्त कमी सापडलं, आपल्या मध्य प्रदेशात ७२.७ टक्के. ही सगळी काही उपाशी घरातली मुलं नाहीत. दूध भरपूर आणि अन्न चिमूटभर अशी खात्यापित्या घरातली कितीतरी मुलं मी स्वतः पाहिली आहेत. गोरीपान दिसतात, आजी कौतुकाने सांगते, आणि तळहात बघावा तर पांढराफटक. आज उजेडात नातीचा तळहात तुमच्या तळहाताशेजारी धरून बघा. फिका वाटला तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या.

आता वजन. शेजारचा मुलगा साडेअकरा किलोचा असेल, असू दे. मुलगे आणि मुली यांचे तक्तेच वेगळे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १४ महिन्यांच्या मुलीची मधली रेषा ९.४ किलोच्या आसपास जाते, आणि काळजीची रेषा ७.४ च्या. तुमची नात दोहोंच्या मधे आहे. बारीक अंगाची आहे, इतकंच. एका दिवसाच्या वजनावरून याहून जास्त मी काही म्हणणार नाही. लसीकरणाच्या कार्डात मागे जो आलेख असतो ना, त्यावर गेल्या सहा महिन्यांचे ठिपके जोडून बघा. रेषा चढती असेल, मग ती खालच्या अंगाने का चढेना, तर निवांत राहा. आडवी पडली असेल किंवा उतरली असेल तर डॉक्टर. अंगणवाडीतली ताई दंडाला पट्टी लावून मोजते, तेही करून घ्या. साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर पट्टी हिरवी, म्हणजे ठीक.

आणखी एक, जे बहुतेक आज्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पहिल्या वर्षात मुलगी साडेपाच-पावणेसहा किलो वाढते. दुसऱ्या अख्ख्या वर्षात जेमतेम अडीच. वाढीचा वेग निम्म्यावर आला की भूकही आवरते. वाढदिवस झाला आणि पोरीचं खाणं सुटलं, दृष्ट लागली, असं जे घरोघर ऐकू येतं त्यातलं अर्धं अधिक हेच असतं.

मग करायचं काय?

बाटल्या एकदम बंद करू नका, घर डोक्यावर घेईल. आधी साखर. तीन दिवस एक चमचा, पुढचे तीन दिवस अर्धा, मग नाही. सुनेला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मी तुमच्या जागी असते तर सांगून टाकलं असतं. हे कळतंच कधीतरी, आणि मग साखरेपेक्षा लपवल्याचं दुखतं. साखर सुटली की दुपारच्या जेवणाआधीची बाटली काढा, सगळ्यात जास्त भूक तीच मारते. चार-पाच दिवसांनी संध्याकाळची. उरलेलं दूध दोन वेळा, दीडशे-दीडशे मिली, आणि तेही पेल्याने. बाटलीचं बूच धुतलं तरी आतल्या चिरेत दूध राहतं, त्यातून जुलाब होतात. आणि चोखत राहायची सवय दातांना वाईट. तुमच्या पिढीने बोंडल्याने दूध पाजलंय, तुम्हाला पेल्याचं काय अवघड? सांडेल. सांडू दे. आई सकाळ-रात्र पाजतेच आहे, ते दोन वर्षं आणि पुढेही चालू राहिलं तर उत्तमच. त्यामुळे वरचं दूध इतकं पुरे. एक वाटी दही धरलं की झालं.

पहिले दोन-तीन दिवस रडेल. तेव्हा बिस्किट पुढे करू नका, पाणी द्या. भूक परत यायला चार-पाच दिवस लागतात. हे दिवस तुम्हाला जड जातील, तिला नाही.

खिचडी मिक्सरमधून काढणं आजपासून बंद. सात-आठ महिन्यांपर्यंत ठीक होतं. नऊ-दहाच्या पुढे मुलांना गुठळी चावायला मिळाली नाही तर पुढे चावायचंच म्हटलं की ती ओकतात. वर्षाची झाली की घरचं अन्न, फक्त मऊ, आणि बोटांनी कुस्करलेलं. आपलं शिजवताना तिखट घालायच्या आधी तिचं बाजूला काढायचं, बस. घट्टपणा असा हवा की चमचा तिरपा केला तर खाली पडता कामा नये. वरणाचं पाणी, भाताची पेज, गाळलेलं सूप हे देऊन बायका समाधान मानतात. पण या वयाच्या पोटात एका वेळी मावतं किती? किलोमागे तीस ग्रॅम धरतात, म्हणजे तुमच्या नातीच्या पोटात अडीचशे ग्रॅम. ती जागा पाण्याने भरली तर अन्न जाणार कुठे? घट्ट वरण-भात, वर चमचाभर साजूक तूप आणि चार थेंब लिंबू. लिंबामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवढी ती खाईल तेवढं खाईल.

आणि काय काय द्यायचं? इंदुरात बसून मुलाला खायला काय द्यायचं असं विचारणं म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत उभं राहून भूक लागली म्हणण्यासारखं आहे! सकाळी तुमच्याकडे पोहे होतातच. तिच्यासाठी मूठभर पोहे जरा जास्त भिजवून, त्यात शिजलेला मटार चेचून, शेंगदाण्याचं बारीक कूट आणि लिंबू. मिरची नाही, आणि शेव तर नाहीच. इंदूरच्या माणसाला शेवेशिवाय पोहे म्हणजे काय वाटतं हे मला कळतं, माझाही घास अडतो. पण शेव मिठाची, तिखट, आणि टोकदार असते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं हेसुद्धा चार-पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतात. आत्ता भुट्टे आलेत. भुट्ट्याचा कीस करता ना, दुधात शिजवून? बिनमिरचीचा, जिरं-हिंग घालून तिला वाटीभर द्या. इतकं मऊ आणि चवीचं खाणं बाजारात कुठल्या डब्यात मिळत नाही. दलिया, मूगडाळीचं धिरडं, पालक घातलेलं वरण, लाल भोपळा, पपई, केळं. रोज एकच खिचडी असं नको. आईचं दूध, धान्य, डाळी-दाणे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पिवळी-नारिंगी आणि पालेभाजी, आणि इतर फळं-भाज्या, अशा आठ गटांतले निदान पाच तरी दिवसात पोटात जावेत असं धरतात. तुमच्याकडे अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून द्याच. चालत नसेल तर डाळ-दाणे दोन वेळा. दिवसातून तीन-चार जेवणं, मधे एक-दोनदा फळ वगैरे. एका वेळी पाऊण वाटी गेली तरी भरपूर.

लोहाचं औषधही विचारून घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं पातळ औषध द्यायची सरकारी योजना आहे, अंगणवाडीत किंवा आशाताईकडे मिळतं. डॉक्टरांना दाखवून सुरू करा, दुधाबरोबर देऊ नका. शी काळी झाली तर घाबरू नका. वर्ष झालंय तेव्हा जंताचं औषधही विचारा, या वयाला अर्धी गोळी चुरून देतात. आणि ती माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर ते मला नाही, डॉक्टरांना सांगायचं.

मोबाइलबद्दल सुनेचं बरोबर आहे, आणि ते मी तुमच्या बाजूने बोलताना म्हणतेय. गाणं लागलं की तोंड उघडतं. खरंय. पण ते तोंड भुकेने उघडत नाही, विसरून उघडतं. मग पोट भरलं हेही तिला कळत नाही आणि अन्नाची चवही कळत नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही का «हा घास चिऊचा, हा घास काऊचा» करत भरवलं? केलंत. पण चिऊ-काऊच्या घासात तुम्ही तिच्या डोळ्यांत बघत होतात. तिने मान फिरवली की तुम्हाला दिसत होतं.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल. मी आहारशास्त्र शिकलेली, दवाखान्यात रोज आठ-दहा आयांना शहाणपण शिकवणारी. आणि घरी माझा दीड वर्षाचा मुलगा एक घास खाईना. मी तक्ता केला होता, ग्रॅममध्ये. एका गालाला अंगठा आणि दुसऱ्याला बोट लावून, दाबून तोंड उघडत असे मी त्याचं. एक दिवस सासूबाईंनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, काही न बोलता ओट्यावर ठेवली, आणि स्वतःचं ताट घेऊन जमिनीवर बसल्या. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाकरीचा पापुद्रा पिठल्यात बुडवून सावकाश जेवत राहिल्या. तो आधी लांबून बघत होता. मग रांगत आला. मग ताटाच्या कडेला हात. सासूबाईंनी पापुद्र्याचा एक मऊ तुकडा ताटाच्या त्याच्या बाजूला सरकवला, दिला नाही, नुसता सरकवला. त्याने तो उचलला, चोखला, टाकला, परत उचलला आणि खाल्ला. पिठलं कोपरापर्यंत. त्या दिवशी त्याने किती ग्रॅम खाल्लं ते मी लिहून ठेवलं नाही. सासूबाईंनीही तीन मुलं वाढवली होती, काकू, तुमच्यासारखीच.

तेव्हा तुम्हीही तसंच करा. दुपारी एकला तुमचं ताट आणि तिची वाटी एकदमच वाढा. तिला पाटावर किंवा जमिनीवर बसवा, खाली जुनं धोतर किंवा प्लॅस्टिक अंथरा. तिच्या हातात चमचा द्या, तुमच्या हातात दुसरा. काय वाढायचं, कधी वाढायचं, हे तुम्ही ठरवायचं. किती खायचं ते तिने. मान फिरवली, ओठ मिटले, चमचा ढकलला, की थांबा. दोन मिनिटांनी एकदा विचारा. परत नाही म्हणाली तर ताट उचला. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. सव्वा तासात तुमचेही गुडघे दुखत असतील. आणि नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं समजू नका, आठ-दहा वेळा समोर यावी लागते.

सुनेच्या कागदातलं मीठ तेवढं आता थोडं सैल करायला हरकत नाही. वरून मीठ न घालण्याचा नियम मुख्यतः पहिल्या वर्षाचा आहे, आता तुमच्या वरणातलं बेताचं मीठ चालेल. साखर आणि मोबाइल हे दोन वर्षांपर्यंत नकोच. पुढच्या लसीला, म्हणजे सोळा महिन्यांनंतर, दोघी मिळून जा. डॉक्टर जे सांगतील ते दोघींच्या कानावर एकदमच पडेल, मग कागद कुणाच्या हाताने लावला याला महत्त्व राहणार नाही. तोवर संध्याकाळचं जेवण सुनेला भरवू दे. दिवसभर ऑफिसात तिच्याही जिवाला खातच असतं की पोर दुसऱ्याच्या हातून जेवतेय.

डब्याची पावडर: त्यात दूध पावडर, साखर किंवा माल्ट, आणि वर घातलेली थोडी जीवनसत्त्वं. महाग आहे आणि तुमच्या घरात मुळात जे जास्त झालंय, म्हणजे दूध आणि साखर, तेच ती आणखी वाढवेल. दोन वर्षांखालच्या मुलांच्या डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक करून तयार बाळ-आहारही त्यात घेतला. शेजारणीला काही बोलू नका, तिचा नातू तिला लखलाभ.

राहिले गणपती. पाहुणे म्हणतील, «अगं बाई, किती वाळलीये.» म्हणू दे. त्या गर्दीत तिला कुणाच्या पुढ्यात बसवून भरवू नका, अनोळखी चेहऱ्यांसमोर मोठी माणसंही धड जेवत नाहीत. आत्या-मावश्या प्रत्येकी एकेक पेढा तोंडात घालतील, त्यांना हसत सांगा की डॉक्टरांनी दोन वर्षांपर्यंत गोड बंद केलंय. डॉक्टरांचं नाव घेतलं की आपल्याकडे कुणी वाद घालत नाही. आणि ती मोदकासाठी हात पुढे करणारच. उकडीची पारी सारणापासून सोडवा, तूप लावून बारीक तुकडे करून तिच्या वाटीत टाका. सारण तुम्ही खा.